मुलाची भुताशी मैत्री होते अशा विनोदी लघुपटात भूत आरपार दिसणारं कसं करायचं? मोबाइलसाठी कोणतं अ‍ॅप चांगलं?

प्रश्नाखाली तुम्ही दिलेली माहिती अशी: वीस मिनिटांचा लघुपट, नऊ वर्षांचा मुलगा, वाड्यात राहणारं आजोबांच्या वयाचं भूत, चित्रीकरण मोबाइलवर, हाताशी पैसे नाहीत आणि भूत ‘धुरकट, आरपार’ हवं.

अ‍ॅपचं उत्तर एका ओळीचं आहे. एकावर एक दोन व्हिडिओ ठेवता येतात, वरच्याला मास्क लावता येतो (म्हणजे त्याचा हवा तेवढाच भाग दिसू देता येतो) आणि त्याची ओपॅसिटी, म्हणजे घट्टपणा, कमी करून तो आरपार करता येतो, असं कोणतंही एडिटिंग अ‍ॅप चालेल. पण भूत आरपार करूच नका. ‘भूत म्हणजे ओपॅसिटी, ते एडिटिंगमध्ये बघू’ या एका वाक्याने चांगल्या चांगल्या बालचित्रपटांची माती होताना दिसते, म्हणून एवढं लांब लिहितोय.

आपल्याकडच्या घरांच्या भिंती फिकट असतात. ओपॅसिटी ५० टक्के केली की नटावरचा अर्धा उजेड जातो आणि त्या जागी भिंतीचा उजेड येतो. पांढरं धोतर, पांढरी दाढी, मागे क्रीम रंगाची भिंत. चेहऱ्यातला सगळा उठाव जातो. उरतात दोन भुवया, आणि कपाळावर मागच्या कॅलेंडरच्या तारखा. विनोदी नटाचं सगळं काम डोळ्यांत आणि ओठांच्या कोपऱ्यांत चालतं, आणि तुम्ही नेमकं तेच पुसून टाकता. फाळक्यांच्या काळात कॅमेऱ्यातच एका फिल्मवर दोनदा चित्रण करायचे तेव्हाही दुसऱ्या वेळी मागे काळोख लागायचा, तो याच कारणाने.

डेव्हिड लीनचा १९४५ चा ‘ब्लाइद स्पिरिट’ हा भुताचा विनोदी चित्रपट. त्यातली मेलेली बायको चक्क धडधाकट दिसते. हिरवट मेकअप, तिच्यापुरता हिरवट प्रकाश, बस. त्या चित्रपटाला स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. आपल्याकडे २००८ चा ‘भूतनाथ’ घ्या. गोव्यातला बंगला, बंकू नावाचा मुलगा आणि फक्त त्यालाच दिसणारे अमिताभ बच्चन. गंमत येते ती मुलगा त्यांना घाबरत नाही याची. ऑस्कर वाइल्डच्या १८८७ च्या ‘कँटरव्हिल घोस्ट’ या गोष्टीतही हाच मसाला आहे: भूत साखळ्या खणखणवत येतं आणि घरमालक त्याला साखळ्यांना घालायला तेलाची बाटली देतो. यावर कोणी १९९५ च्या ‘कॅस्पर’चं नाव काढतं. त्यातलं मुख्य पात्र अख्खं संगणकावर घडवलेलं आहे. अशा प्रकारचा तो पहिलाच मोठा चित्रपट मानला जातो आणि ते काम इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने केलं होतं. मोबाइलमधल्या ओपॅसिटीच्या पट्टीशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

मग भूत वेगळं वाटणार कसं? उजेडाने. खोलीत साधे पिवळे दिवे ठेवा, साधारण ३००० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर). भुतावर एकच पांढरा एलईडी, ५६०० ते ६५०० केल्विनचा, बाजूने टाका. मोबाइलमध्ये मॅन्युअल मोड घेऊन व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते) ४००० च्या आसपास पक्का करा. ऑटोवर ठेवलात तर मोबाइल दोन्ही रंग सारखे करायला बघतो आणि शॉटच्या मध्येच रंग बदलतो. भुताचा थंड उजेड मुलावर सांडू देऊ नका, दिव्याच्या कडेला काळा कार्डपेपर चिकटवा. धोतर पांढरंशुभ्र नको, मोबाइलवर ते जळतं, म्हणजे नुसता पांढरा डाग दिसतो. कोऱ्या चहाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून वाळवा, घड्या दिसायला लागतात. चेहऱ्याला टाल्कम पावडर थापू नका. कातडीपेक्षा दोन छटा उजळ फाउंडेशन आणि गालाच्या हाडाखाली किंचित राखाडी, एवढं पुरे.

आता नियम. पटकथेच्या पहिल्या पानावर शाईने लिहून ठेवा: भुताने उचललेली वस्तू इतरांना दिसते का? दिसत असेल तर हवेत तरंगताना दिसते की नाहीशी होते? भुताने खाल्लेलं जातं कुठे? आरशात त्याचं काय? मुलगा त्याला हात लावू शकतो का? ही उत्तरं आधी ठरली नाहीत तर तिसऱ्या दिवशी सेटवर वाद होतो आणि प्रत्येक प्रसंगात वेगळा नियम शिरतो. प्रेक्षकांत बसलेली पोरं हे सगळ्यांत आधी पकडतात.

एक प्रसंग घेऊन सांगतो. माजघर, दोन पाट, मध्ये लाडवांची ताटली. मुलगा डावीकडे, भूत उजवीकडे, दोघे लाडू खाताहेत आणि मागच्या दारातून आई येते.

बहुतेकांना वाटतं की यात मास्क लागेल. लागत नाही. मुलाच्या बाजूने घेतलेल्या शॉटमध्ये भूत आहे. आईच्या बाजूने, म्हणजे दारातून घेतलेल्या शॉटमध्ये रिकामा पाट आहे आणि पोरगं त्या पाटाशी गप्पा मारतंय. कोन वेगळा असल्यामुळे काहीही जुळवावं लागत नाही, नुसता कट पुरतो. भुताचं वाक्य अर्धवट असतानाच कट करा आणि रिकाम्या पाटावर तीन सेकंद थांबा. २५ फ्रेम प्रतिसेकंद म्हणजे ७५ फ्रेम. एडिटिंगला बसल्यावर ते फार लांब वाटेल आणि हात शिवशिवेल. कापू नका, हशा तिथेच येतो.

अडचण असते ती मुलाच्या नजरेची. समोर काही नसलं की पोर मागची भिंत बघतं. जवळच्या वस्तूकडे बघताना दोन्ही बुबुळं किंचित आत वळतात, लांब बघताना ती सरळ राहतात. हा फरक पडद्यावर स्पष्ट कळतो आणि मुलगा भुताच्या आरपार बघतोय असं वाटतं. पाटावर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ८० सेंटिमीटरवर येतात. काठीला टिकली लावून ती उंची दाखवता येते, पण काठी फ्रेममध्ये दिसते. त्यापेक्षा भुताच्या नटाला खरंच पाटावर बसवा, कॅमेरा सुरू करा, दोन वाक्यं होऊ द्या, मग कॅमेरा चालू असतानाच त्याने हळूच सरकत फ्रेमबाहेर जायचं. पुढची वाक्यं तो तिथूनच म्हणेल. मुलाची नजर अर्धा-पाऊण मिनिट बरोबर त्या जागी टिकते. सुरुवातीचा तुकडा कापून टाका. आईचं उलट: तिने भुताच्या तोंडाकडे न बघता पलीकडच्या भिंतीवरच्या एका खुणेकडे बघायचं. तिची नजर चुकून भुतावर अडली तर अख्खा प्रसंग मेला.

तरंगणारा लाडू. खरा लाडू दोऱ्याला बांधू नका, बेसनाचा असो की रव्याचा, तंगूस (नायलॉनचा पारदर्शक दोरा) त्याला सुरीसारखा कापतो. थर्माकोलचा चार सेंटिमीटरचा गोळा घ्या, फेविकॉल लावा आणि भाजलेल्या बेसनात घोळवा. ०.२० मिलिमीटरचा तंगूस सुईने आरपार ओवा आणि खाली काडेपेटीच्या काडीच्या तुकड्याला गाठ मारा. दोरा एकच असेल तर लाडू गरगर फिरतो. दोन दोरे घ्या आणि वर दोन फुटी काठीच्या दोन टोकांना बांधा, म्हणजे इंग्रजी व्हीचा आकार होतो आणि लाडू स्थिर राहतो. काठी धरणारा फ्रेमच्या वर, स्टुलावर. मागून उजेड आला की तंगूस चमकतो. त्यावर काळा मार्कर फिरवा किंवा दिवा हलवा. असे तीन लाडू करा: अख्खा, अर्धा आणि पाव. मधल्या प्रत्येक वेळी आईचा चेहरा दाखवा. लाडू कमी होताना दाखवायला एवढं पुरतं.

मास्क कधी लागतो? भूत त्याच फ्रेममध्ये नाहीसं व्हायचं असेल तेव्हा. ट्रायपॉड घट्ट, फोकस आणि एक्सपोजर लॉक, आणि मोबाइलचं स्टॅबिलायझेशन बंद. ते चालू राहिलं तर मोबाइल फ्रेम आतल्या आत सरकवतो आणि दोन शॉट कधीच जुळत नाहीत. भुतासकट शॉट झाला की लगेच तीच रिकामी जागा १५ सेकंद घ्या. लगेच म्हणजे दोन-तीन मिनिटांत, कारण खिडकीतलं ऊन सरकतं आणि सावली दुसरीकडे जाते. पंखा बंद, पडदा पिनांनी पक्का. मग दोन्ही शॉट एकावर एक ठेवून वरच्याला मास्क लावा; त्यांच्या जोडाची रेघ खांबावर किंवा चौकटीवर ठेवा आणि मुलाला ती ओलांडू देऊ नका. शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) १/५० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. २४ फ्रेम आणि १/४८ वर गेलात तर ट्यूबलाइटच्या उजेडात पट्टे फिरतात.

एवढं सांगूनही आरपार भूत हवंच असेल, तर पहिल्या दर्शनापुरतं एकदा करा, आणि तेही काचेने करा. जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये रंगमंचावर दाखवलेली ही युक्ती, मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. मोबाइलसमोर सहा इंचांवर दोन फूट बाय दोन फूट काच ४५ अंशांत उभी करा. भुताचा नट फ्रेमबाहेर, काचेच्या मोबाइलकडे वळलेल्या बाजूला, कॅमेऱ्याच्या काटकोनात. भूत काचेपलीकडे आठ फुटांवर दिसायला हवं असेल, तर नटही काचेपासून बरोबर आठ फुटांवर हवा. अंतर चुकलं की भूत बुटकं किंवा अगडबंब दिसतं. नटामागे काळी मखमल लावा, साधं काळं सुती कापड जोराच्या उजेडात राखाडी होतं. या कोनात साधी काच जेमतेम दहावा हिस्सा उजेड परतवते, म्हणून नटावर खोलीच्या चार-पाचपट उजेड लागतो. तो हळूहळू वाढवला की भूत उमटतं. काच दोन-तीन मिलिमीटरचीच घ्या. जाड काचेच्या दोन पृष्ठभागांमुळे दोन नाकं दिसतात. अ‍ॅक्रिलिक पोरांच्या दृष्टीने सुरक्षित आहे, पण ते वाकतं आणि चेहरा लांबट होतो. चौकटीत ताणून बसवा. आणि प्रतिबिंब उलटं पडतं हे ध्यानात ठेवा: उपरण्याचा खांदा आणि केसांचा भांग आधीच उलटा करून घ्या, नाहीतर पुढच्या शॉटमध्ये बाजू बदलते.

आवाजाला घुमारा देऊ नका. घुमारा आला की भूत लांब जातं, आणि तुम्हाला ते मुलाच्या शेजारी हवंय. माइक जवळ ठेवून कोरडा आवाज घ्या. त्याऐवजी त्याच्या पावलांचा आवाज काढून टाका. सतरंजीवर अनवाणी चालवा. मुलाची पावलं वाजतात आणि शेजारी चालणाऱ्याची वाजत नाहीत, हे बघणाऱ्याला नकळत जाणवतं.

मी आरपार भुताला सरसकट नावं ठेवली, त्याला एक अपवाद आहे. अंधारं माळवद किंवा रात्रीचं अंगण असेल आणि कपडे फिकट असतील, तर ७५-८० टक्के ओपॅसिटी शोभते. त्याखाली जाऊ नका.

मुलासमोरच भुताचा मेकअप करा. शेवटचा राखाडी हात त्यालाच मारू द्या, म्हणजे तो सेटवर दचकत नाही. आणि हौशी न राहता व्यावसायिक चित्रीकरण करणार असाल तर बालकलाकारांसाठी कायद्याचे नियम आहेत: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. काचेचा शॉट म्हणूनच त्याला बोलावण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी उभं करून लावून घ्या. नुसती काच आणि दिवे जुळवण्यात दोन तास सहज जातात.