शेतकऱ्यांच्या ग्रुपवर द्राक्षाच्या फवारणीबद्दल विचारलं तर सगळे तुटून पडले, नीट कसं विचारायचं?

दादा, तुम्ही लिहिलंय की तुम्ही साताऱ्यात राहता, थेट शेतकऱ्याकडनं माल घ्यायचा म्हणून आमच्या भागातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आलात, द्राक्षाच्या घडावर पांढरट थर दिसला म्हणून फोटो टाकून "एवढं विष मारून लोकांना का खायला घालता" असं विचारलं आणि दोन दिवस लोक तुमच्यावर तुटून पडले. मी तासगाव तालुक्यातली, घरची दीड एकर द्राक्षबाग आहे, थोडा माल खायला जातो आणि राहिलेल्याचा बेदाणा करतो. मी असल्या तीन-चार ग्रुपवर आहे म्हणून दोन्हीकडचं सांगते.

आधी त्या थराबद्दल. चांगल्या द्राक्षाच्या मण्यावर मेणासारखा एक पातळ पांढरट थर मुळातच असतो, बोटानं पुसला की जातो आणि खाली मणी चकचकीत दिसतो. तो थर शाबूत असेल तर माल कमी हाताळलाय असं व्यापारी धरतात. औषधाचा डाग वेगळा दिसतो, थेंब वाळल्यासारखा, बहुतेक मण्याच्या खालच्या टोकाला. म्हणजे तुमची शंका चुकीची नव्हती, डागही असू शकतो, बघून विचारलंत ते बरोबरच केलंत, पण तुमचा शब्द लागला लोकांना.

आमच्याकडं कुणी विष म्हणत नाही, औषध म्हणतात. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे चार महिने माणूस रोज आभाळाकडं बघतो, फुलोऱ्यात पाऊस लागला आणि डाऊनी म्हणजे केवडा, हा बुरशीचा रोग, घडात शिरला की डोळ्यादेखत घड जातात, कर्ज काढून उभी केलेली बाग असते, मग पहाटे उठून ट्रॅक्टरला ब्लोअर म्हणजे फवारणीचं यंत्र जोडून जो फवारत जातो ना त्याच्या नाकातोंडात ते औषध सगळ्यात आधी जातं. आणि खरं सांगू, गावात विष हा शब्द कुणी काढला की लोकांना कुणाच्या तरी घरातली वाईट बातमी आठवते. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही पण ग्रुपवरची निम्मी माणसं त्या शब्दापाशीच थांबली, तुमचा प्रश्न त्यांनी पुढं वाचलाच नाही.

तेच तुम्ही "काढणीच्या किती दिवस आधी शेवटची फवारणी बंद करता" असं विचारलं असतं तर लोकांनी वहीचे फोटो टाकले असते. प्रत्येक औषधाला काढणीपूर्व कालावधी ठरलेला असतो, तेवढे दिवस थांबल्याशिवाय माल तोडायचा नाही, आणि हे पाळणारा शेतकरी अभिमानानं सांगतो. निर्यातीच्या बागांची तर अपेडा या शेतमाल निर्यातीचं बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यादीवर नोंद असते आणि माल जायच्या आधी नमुना लॅबला जाऊन रेसिड्यू, म्हणजे मालात राहिलेला औषधाचा अंश, तपासला जातो. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, आमच्याकडं त्याला सीसीसी म्हणतात, वेलीची जास्तीची वाढ थांबवायला वापरतात. त्यावेळी ज्यांचं नुकसान झालं त्यांना रेसिड्यू म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नाही. स्थानिक बाजारात जाणाऱ्या मालाची एवढी तपासणी होत नाही हेही खरं आहे आणि ते ग्रुपवर विचारायचा खाणाऱ्याला पूर्ण हक्क आहे, त्यावर चिडायचं काही कारण नाही असं मी आमच्या लोकांनाही सांगते.

आता आमच्या बाजूची चूक, माझीच सांगते. दोन वर्षांपूर्वी एका नवीन पोरानं पानाचा फोटो टाकला, वरनं पिवळट डाग होते आणि कडेला जरा पांढरं दिसत होतं. मी स्वयंपाक करता करता बघितला आणि लिहून टाकलं, भुरी आहे, गंधक मार. पानाच्या मागच्या बाजूचा फोटो मागितला नाही, छाटणीपासून कितवा दिवस ते विचारलं नाही. ती डाऊनी होती. भुरीत पानावर राखेसारखी पावडर दिसते, डाऊनीत वर तेलकट पिवळा डाग आणि बरोबर त्याच्या खाली पांढरी बुरशी, आणि डाऊनीला गंधकाचा उपयोग नाही. त्याचे चार दिवस गेले. त्यानं ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही, मला फोन करून म्हणाला काकी जरा बघून सांगत जावा. मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपवरच लिहिलं की मी सांगितलेलं चुकलंय, कुणी वाचून गंधक मारत असेल तर थांबा. फोनवर त्याची माफी मागून भागलं नसतं कारण माझं उत्तर शंभरजणांनी वाचलेलं होतं.

तेव्हापासून मी आधी विचारते, व्हरायटी कुठली, कितवा दिवस, दव पडतंय का, आधी काय मारलंय, आणि पानाची खालची बाजू दाखवा. नुसतं ऐकलेलं असेल तर ऐकलंय असंच लिहिते.

तुमच्यासारखे खाणारे लोक आमच्या ग्रुपवर असावेत असं मला मनापासून वाटतं, कारण खाण्याबद्दलच्या अफवा आमच्याकडंही तेवढ्याच फिरतात. मध्यंतरी आमच्या गावच्या बायकांच्या ग्रुपवर एका मावशींनी टाकलं की रेशनच्या तांदळात प्लास्टिक आहे, पाण्यावर तरंगतंय. दोघीतिघींनी हसण्याचे इमोजी टाकले आणि मावशी गप्पच झाल्या. मग आमच्या अंगणवाडी सेविकेनं सावकाश लिहिलं की ते फोर्टिफाइड दाणे आहेत, तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घालून तांदळासारखेच बनवतात आणि 100 किलोत साधारण 1 किलो मिसळतात, रंग नि वजन जरा वेगळं असतं म्हणून डोळ्याला खटकतात, निवडून टाकू नका. सुरुवात तिनं "मावशी, तुम्ही बारकाईनं बघितलंत म्हणून दिसलं" अशी केली होती. मावशींनी परत विचारलं, मग हे पोरांना चालतं का, आणि तिथनं पुढं तासभर चांगली चर्चा झाली. त्या हसणाऱ्या दोघींनाही ते दाणे काय असतात हे माहीत नव्हतं असं मग निघालं.

ऊसवाल्यांच्या ग्रुपवर हा त्रास जास्त. कुणी एकरी 40 टन निघाला म्हणून सांगितलं की शंभर टनवाले त्याची टर उडवतात, मग तो माणूस परत खरा आकडा सांगत नाही. सेंद्रिय आणि रासायनिकवाल्यांचं भांडण तर मी आता वाचतच नाही.

अजून एक, उत्तर लगेच आलं नाही तर "कुणी बोलत का नाही, लपवताय का" असं लिहू नका. शेतीची लाईट रात्रीची असली की माणूस रात्रभर पिकाला पाणी देत असतो आणि दिवसा झोपतो, फवारणीच्या दिवशी मोबाईल घरीच असतो. मेसेज संध्याकाळी जेवणाच्या आधी टाका.

तो ग्रुप सोडू नका. मी असते तर असं लिहिलं असतं: "परवा मी विष हा शब्द वापरला, तो चुकला. घरी लहान मूल आहे म्हणून काळजी वाटते. या फोटोतला थर नैसर्गिक आहे का औषधाचा डाग, आणि तुमच्यापैकी कुणी शेवटची फवारणी कधी केली ते सांगाल का?" मूल नसेल तर ते वाक्य काढा, खोटं लिहू नका. आणि फोटो उजेडात, मण्याच्या खालच्या टोकाचा, जवळनं काढा.