आधी बिघाड दाखव, मग नाव सांग

अगं,

तुझा मेसेज दोनदा वाचला. हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबमधे एसडीआरवर (सॉफ्टवेअरने चालणाऱ्या रेडिओवर) तासभर बोललीस आणि एकाही जुन्या ऑपरेटरने प्रश्न विचारला नाही, नुसत्या माना डोलावल्या, आता तू मला विचारतेस की याहून सोपे शब्द कुठून आणू. शब्दांचा प्रॉब्लेम नाहीये. तुझ्या स्लाइड बघितल्या मी. पहिल्याच स्लाइडवर सॅम्पल रेट (सेकंदाला किती वेळा सिग्नल मोजायचा), नायक्विस्ट (त्याच्या निम्म्यापर्यंतचंच खरं दिसतं), एलियासिंग (त्यावरचं खोट्या जागी दिसतं), डेसिमेशन (गाळून सॅम्पल कमी करणं), एकाखाली एक व्याख्या. सगळ्या बरोबर आहेत आणि तिथेच घोळ आहे, बरोबर व्याख्येपुढे माणूस काय विचारणार?

आधी बिघाड दाखव, मग नाव सांग. यातले निम्मे शब्द कशाचं तरी काहीतरी बिनसलं म्हणून जन्माला आलेत. बिघाड कानाने ऐकला की नाव आपोआप चिकटतं.

हे मला कुणी शिकवलं नाही, मी माती खाऊन शिकलो. २०१२ मधे टीव्हीच्या डोंगलमधून कच्चे सॅम्पल काढता येतात हे सगळीकडे पसरलं, त्यानंतर मीही एक घेतला, शॉर्टवेव्हसाठी डायरेक्ट सॅम्पलिंगची वायर जोडली (ट्यूनर वगळून अँटेना थेट चिपला) आणि आमच्यातल्या एका ज्येष्ठ सीडब्ल्यू (मोर्स) ऑपरेटरना मोठ्या ऐटीत दाखवायला बसलो. त्यांनी हेडफोन लावला, १४.२ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे वीस मीटरच्या बँडवर, जरा इकडेतिकडे फिरवलं आणि म्हणाले, 'वीस मीटरवर हा लोअर साइडबँडमधे कोण बोलतोय? हा माणूस इथला नाही.' त्या बँडवर सगळे अप्पर साइडबँडमधे, म्हणजे सिग्नलच्या वरच्या अर्ध्या भागात बोलतात. मी हसलो. सॉफ्टवेअरचा बग असेल म्हणालो, वर त्यांना नायक्विस्ट ऐकवला. त्यांनी हेडफोन काढून नीट गुंडाळून टेबलावर ठेवला. परत कधी माझ्याकडे एसडीआर बघायला आले नाहीत.

कित्येक महिन्यांनी कागदावर हिशोब केला. तो डोंगल २८.८ मेगाहर्ट्झने सॅम्पल घेतो, त्याचं निम्मं १४.४, म्हणजे आपल्या बँडच्या अगदी डोक्यावर. पुढे फिल्टर नसेल तर १४.६ वरचं स्टेशन १४.२ वर येऊन बसतं, तेही आरशातल्यासारखं उलटं, अप्परचं लोअर होऊन. त्यांनी एलियासिंग नुसत्या कानाने पकडलं होतं आणि मी त्यांना त्याचीच व्याख्या सांगत होतो! माफी मागायला गेलो नाही. तेव्हा कामं फार होती... असं मी आजवर सांगत आलोय. तू तरी ते खरं मानू नकोस.

म्हणून परत सांगतो, आधी बिघाड. आय आणि क्यू (एकाच सिग्नलच्या नव्वद अंशांनी सरकलेल्या दोन प्रती) कशाला समजावत बसलीस साइन-कोसाइन काढून? समोर बसलेल्यांपैकी दोघा-तिघांनी तरी फेजिंगचा एसएसबी (एकाच साइडबँडचा) सेट जुळवलेला असेल, नव्वद अंशांचे दोन मार्ग, एक पॉट (जुळवणीचा स्क्रू) जरा सरकला की नको असलेली साइडबँड डोकं वर काढते. तुझ्या स्क्रीनवर मधल्या रेषेच्या पलीकडे दिसणारं फिकट जुळं स्टेशन ते हेच. त्यांना ते जुळं दाखव आणि गप्प बस. 'अरे, हे तर फेजिंग बिघडलंय' असं त्यांच्यातलंच कुणीतरी म्हणेल. मग सांग, याला आयक्यू इम्बॅलन्स म्हणतात.

ओव्हरलोडचंही तसंच. वॉटरफॉल (स्क्रीनवर सरकणारं सिग्नलचं रंगीत चित्र) भुतांनी, म्हणजे खोट्या स्टेशनांनी भरू दे, मग अँटेनाच्या केबलमधे सिग्नल १० डीबीने कमी करणारा अॅटेन्युएटर घाल. खरं स्टेशन १० ने पडतं, थर्ड ऑर्डरचं भूत (जोरदार सिग्नल आत मिसळून झालेलं) ३० ने. हे त्यांना तुझ्याआधीपासून माहितीय, फक्त रंगात बघितलेलं नाही.

आणि नॉइज फ्लोअरबद्दल (स्क्रीनच्या तळाच्या खरखरीच्या रेषेबद्दल) तू जे बोललीस ते वाचून मी खरंच चिडलो. 'एफएफटी साइज वाढवला की नॉइज कमी होतो' म्हणे! एफएफटी म्हणजे सिग्नल फ्रीक्वेन्सीच्या खान्यांत वाटणं. सेकंदाला २.०४८ मेगासॅम्पलला २०४८ पॉइंट लाव, एकेक खाना १ किलोहर्ट्झचा होतो. ६५५३६ लाव, खाना ३१.२५ हर्ट्झचा. खाना ३२ पट अरुंद, त्यात मावणारा नॉइज तेवढाच कमी, म्हणून रेषा १५ डीबी खाली सरकते. रिसीव्हर तोच, अँटेना तीच, कानाला काडीचा फरक नाही. हे लोकांसमोर करून दाखव, रेषा खाली जाताना त्यांना आवाज ऐकू दे, आणि मगच बिन हा शब्द तोंडातून काढ.

डेसिमेशन मात्र खरंच कमाई करून देतं, तिथे घाई करू नकोस. डोंगलचे ८ बिट म्हणजे साधारण ५० डीबीचा पल्ला, सिग्नलच्या जोराच्या मीटरवर एस१ ते एस९ मधेच ४८ संपतात, मग जोरदार स्टेशनशेजारचं बारीक स्टेशन ऐकू कसं येतं? २.४ मेगासॅम्पल आत घेतेस आणि २.४ किलोहर्ट्झ ऐकतेस, हजार पट गाळणी, ३० डीबी तिथून येतात. हा प्रश्न त्यांना आधी पडू दे. त्यांना पडेपर्यंत तू उत्तर देऊ नकोस, कितीही जीभ वळवळली तरी, आणि ती वळवळते, माझीही अजून वळवळते.

पुढच्या वेळी स्लाइड नकोत. डोंगल, हेडफोन, अॅटेन्युएटर, आणि हो, तो फिल्टर खिशात ठेव, आधी लावू नकोस. वीस मीटरवर जा, हेडफोन सगळ्यात म्हाताऱ्या ऑपरेटरच्या हातात दे आणि त्यांनी काय ऐकलं ते मला कळव.

७३ (शुभेच्छा)