चौकशी लागली की आमदार-खासदाराचं पद जातं का?

नाही. गुन्हा दाखल झाला, अटक झाली, आरोपपत्र आलं तरी कायद्याने पद जात नाही. राजीनाम्याची मागणी होते ती नैतिकतेच्या मुद्द्यावर. पद जातं ते दोषी ठरून दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की. भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात नुसता दंडही पुरतो. पूर्वी तीन महिन्यांत अपील केलं की खुर्ची वाचायची. ती पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंद केली, आणि ते फार बरं झालं.

राहुल गांधींचंच बघा: २३ मार्च २०२३ ला सुरतच्या न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा सुनावली, दुसऱ्याच दिवशी लोकसभा सचिवालयाची अधिसूचना निघाली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर खासदारकी परत मिळाली. नुसता जामीन मिळून ती मिळाली नसती.