कोड बरोबर आहे, सरासरी फसवतेय

एकाच साखरेवर वाढणाऱ्या दोन जिवाणूंच्या तुमच्या मॉडेलमध्ये एकच उरतो, फ्लास्कमध्ये मात्र दोन आठवड्यांनंतरही दोन्ही सापडतात, मग कोडमध्ये चूक कुठे, असं तुम्ही विचारलंय. कोडमध्ये चूक नाही. फ्लास्कमधलं मिश्रण तुम्ही रोज एकदाच शंभरपट पातळ करता, आणि मॉडेलमध्ये तेच तासाला ०.१९ असं दिवसभर पसरवलंत (१०० चा नैसर्गिक लॉगॅरिदम भागिले २४). आकडा बरोबर, पण त्यात फ्लास्कमधली सुगी आणि उपासमार दोन्ही पुसली गेली.

मोनोच्या समीकरणात (साखर किती असताना जिवाणू किती वेगानं वाढतो, हे सांगणारं) सोपे आकडे घालून बघा. 'अ' उधळ्या: कमाल वेग तासाला १, अर्ध्या वेगाला लागणारी साखर १ एकक. 'ब' काटकसरी: ०.६ आणि ०.१. साखर १० असताना अ ०.९१ ने वाढतो, ब ०.५९ ने. साखर ०.१ वर आली की ब ०.३, अ जेमतेम ०.०९. सतत पुरवठ्यात साखर कायम तळाला राहते, म्हणून ब जिंकतो. तुमच्या मॉडेलनं हेच दाखवलं.

आता रोजची १० एकक साखर एकदम ओता. जवळपास सगळी वाढ साखर भरपूर असतानाच उरकते. ती तळाला येते तेव्हा फ्लास्क अ नं गच्च भरलेला असतो आणि उरलेलं तो चुटकीसरशी संपवतो. ब ला संधी मिळते ती एवढीच. मी हिशोब केला: विरळ असलेला ब रोज सुमारे पावपट होत जातो. म्हणजे चढउतार नीट घातले तरी एकच उरतो, फक्त विजेता बदलतो! (चढउतार आले की सहजीवन आपोआप जमतं, असं इथे बरेच जण धरून चालतात.)

म्हणून माझा संशय ॲसिटेटवर, म्हणजे साखर खाताना जिवाणू बाहेर टाकतो त्या पदार्थावर. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्कींच्या १९८८ पासूनच्या ई. कोलाय जिवाणूंवरच्या प्रयोगातही रोज शंभरपटच पातळ करतात. तिथल्या १२ पैकी एका वंशात दोन प्रकार हजारो पिढ्या सोबत टिकले: एक ग्लुकोजवर वेगवान, दुसरा पहिल्यानं टाकलेल्या ॲसिटेटवर.

रॉबर्ट मे यांचा १९७२ चा स्थिरतेचा निकष (अनेक प्रजातींची व्यवस्था स्थिर राहील का, हे सांगणारा) तूर्त बाजूला ठेवा. तो समतोल बिंदूजवळचा आहे, आणि तुमच्या फ्लास्कमध्ये दिवसभर समतोल नसतोच. त्याऐवजी ब १ टक्का ठेवून सुरुवात करा, मग उलट अ १ टक्का, आणि रोज पातळ करायच्या आधी मोजा. दोन्ही वेळा विरळ असलेला वाढला, तरच सहजीवन खरं. नाहीतर एकजण हळूहळू संपतोय. शिवाय अ चं वापरलेलं माध्यम गाळून त्यात एकटा ब वाढवून पाहा. वाढला, तर मॉडेलमध्ये ॲसिटेटचं आणखी एक समीकरण घाला.