तेलाचा डबा, जुना टॉवेल आणि आजीची बरणी

घरातल्या जुन्या वस्तूंच्या आणि रंगवलेल्या कुंड्यांबद्दल या वेळी पत्रांबरोबर फोटोही भरपूर आले. रंगवलेले डबे, सुतळी गुंडाळलेल्या बाटल्या, आरसे चिकटवलेली मडकी. बघून मजा वाटली, पण एकाही फोटोत कुंडीचा तळ दिसला नाही. झाड का मेलं, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तळाशीच असतं. पुढच्या वेळी कुंडी तिरकी करून खालून एक फोटो काढा, म्हणजे माझं अर्धं काम होईल.

प्रश्न : तेलाच्या १५ किलोच्या पत्र्याच्या डब्यांत मोगरा आणि टोमॅटो लावले. बाहेरून पिवळा ऑइलपेंट दिला. मे महिन्यात झाडं करपली आणि दुसऱ्या वर्षी डब्यांचे तळच गळून पडले. पत्र्याचे डबे वापरूच नयेत का? (डोंबिवली)

उत्तर : वापरा की! चाळीच्या गॅलरीतली तुळस तेलाच्या डब्यातच वाढली आणि आम्ही तिच्या शेजारी. फक्त त्या डब्याचे दोन शत्रू आहेत, ऊन आणि गंज, आणि तुम्ही दोघांनाही आत घेतलंत.

आधी ऊन. दुपारच्या उन्हात पत्रा इतका तापतो की हात लावून ठेववत नाही. झाडाची बारीक, पाणी पिणारी मुळं नेमकी त्याच पत्र्याला चिकटून वाढतात. ती भाजतात आणि वरून आपल्याला वाटतं, पाणी कमी पडलं. मग आपण आणखी पाणी ओततो. यावर उपाय साधा आहे. माती भरण्याआधी आतून चारही बाजूंनी गोणपाट किंवा जाड पुठ्ठा लावा. पुठ्ठा वर्षभरात कुजून मातीत जातो, तोपर्यंत झाड रुळलेलं असतं. बाहेरचा रंग पांढरा किंवा फिका हवा. तुमचा पिवळा चालेल, काही जणांनी पाठवलेले काळे-निळे डबे मात्र पश्चिमेच्या गॅलरीत ठेवू नका. आणि डबे एकमेकांना खेटून ठेवा, म्हणजे उन्हाचा मार फक्त पुढच्या ओळीला बसतो. त्या ओळीत कोरफड ठेवावी.

गंज तळाच्या सांध्यापासून सुरू होतो. डबा आधी गरम पाणी आणि कपड्यांच्या साबणाने धुऊन तेलकटपणा पूर्ण काढा, नाहीतर कुठलाच रंग धरणार नाही. पूर्ण वाळू द्या. भोकं पाडायची ती आतून बाहेर. डबा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून आतून खिळा ठोका. बाहेरून ठोकला तर भोकाभोवतीची पत्र्याची कड आत उभी राहते आणि तिच्या उंचीएवढं पाणी कायम तळाशी साचतं. करंगळी जाईल अशी सात-आठ भोकं पुरेत. मग आतून-बाहेरून, भोकांच्या कडांनासुद्धा, रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या तांबड्या रंगाचा) हात द्या आणि त्यावर बाहेरून ऑइलपेंट. शेवटी डबा दोन विटांवर ठेवा. फरशीवर सपाट ठेवलेल्या डब्याला भोकं असून नसल्यासारखीच. एवढं केलंत तर तीन-चार वर्षं निघतात. त्यानंतर भंगारवाला आहेच.

उभ्या डब्यात माती भरून पाणी घातलं की वजन २५ ते ३० किलोपर्यंत जातं, हे लक्षात ठेवा. ग्रिलवर ठेवणार असाल तर डबा आडवा करून वरची लांब बाजू कापून काढा. कडा पकडीने बाहेर दुमडा, कारण हा पत्रा फार वाईट कापतो. मेथी, कोथिंबीर, पालकाला हाच आडवा डबा उत्तम. टोमॅटोला मात्र उभाच लागतो.

तुम्ही तळाशी चार बोटं खडी घातल्याचंही लिहिलंय. आपल्याकडे ही फार जुनी सवय आहे, माझ्या वडिलांचीही होती. पण तिने निचरा सुधारत नाही. मातीतलं पाणी खालच्या खडीत सहजी उतरत नाही. माती पुरती चिंब झाल्यावरच उतरतं. म्हणजे चिखलाचा थर होता तसाच राहतो, फक्त चार बोटं वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकांवर फुटक्या कौलाची किंवा मडक्याची एकेक खापरी पालथी घाला, म्हणजे माती वाहून जाणार नाही. बाकी सगळी जागा मातीला द्या. वजन कमी करायचं असेल तर खडीऐवजी रसवंतीवरची उसाची चिपाडं भरा. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरच्या शेतीत चिपाडांचा फार मोठा वापर केला होता. मात्र ताजी चिपाडं गोड असतात, मुंग्यांना आमंत्रणच. आठ-दहा दिवस कडक उन्हात वाळवून मगच घाला.

प्रश्न : मातीच्या कुंड्यांवर मुलींनी हौसेने वारली चित्रं काढली. चार महिन्यांत रंगाचे पोपडे सुटले आणि खालून मिठासारखं पांढरं फुललं. रंग हलका होता का? माळ्यावर २०१० सालचा ऑइलपेंट शिल्लक आहे, तो देऊ का? (नाशिक)

उत्तर : रंगाचा दोष नाही. भाजलेल्या मातीची कुंडी घामेजते, म्हणून तर माठातलं पाणी गार होतं. आतलं पाणी भिंतीतून बाहेर येतं, येताना मातीतले आणि नळाच्या पाण्यातले क्षार घेऊन येतं आणि पृष्ठभागावर वाळतं. भिंतीला लोणा लागतो तोच हा प्रकार. वाटेत रंगाचा थर आडवा आला की तो उचकटतो. ऑइलपेंट दिलात तर पोपडे आणखी मोठे निघतील, कारण त्यातून पाणी अजिबात जात नाही.

यातून दोन वाटा निघतात. कुंडीला घामेजू द्यायचं असेल तर घामेजू देणारा रंग लावा, म्हणजे गेरू. वारली भिंतीवर पार्श्वभूमी गेरूचीच असते आणि त्यावर तांदळाच्या पिठाने रेखाटतात. कुंडीवर पीठ टिकणार नाही, पावसाच्या पहिल्या सरीत जाईल. पांढरं अ‍ॅक्रिलिक वापरा, पण बारीक रेषांपुरतंच. रेषांच्या मधून कुंडी श्वास घेते. गेरू दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पुन्हा सारवायचा. कटकट वाटेल, पण मुलींना दरवर्षी नवं चित्र काढायला मिळेल.

दुसरी वाट अशी, की संपूर्ण कुंडी रंगवायचीच असेल तर तिला नुसतं आवरण समजा. आत नर्सरीची प्लॅस्टिकची कुंडी झाडासकट बसवा. माती आणि रंग यांची गाठच पडत नाही. जुन्या कुंडीवर रंग देण्याआधी पांढरे डाग कोरड्या ब्रशने झाडा, मग व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसा आणि दोन दिवस उन्हात ठेवा.

आता माळ्यावरचा डबा. तो उघडूच नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये किती शिसं आहे ते डब्याकडे बघून कळत नाही, आणि मुली रंग हाताने लावणार. त्याच कारणाने जुना ऑइलपेंट असलेली खुर्ची किंवा खिडकी घासायला घेतलीत, तर तिचा भुगा कुंडीच्या मातीत पडू देऊ नका.

प्रश्न : जुना टॉवेल सिमेंटमध्ये बुडवून, उलट्या बादलीवर वाळवून झालरीची कुंडी केली. फार सुंदर झाली. त्यात अनंत लावला तर महिन्याभरात पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. खत घातलं तरी फरक नाही. (कोल्हापूर)

उत्तर : तुमची कुंडी खरंच सुंदर आहे आणि झाड चुकीचं निवडलंय. ताजं सिमेंट कमालीचं अल्कधर्मी असतं, सामू (पीएच) १२-१३ च्या घरात. पाणी घालाल तसा चुना मातीत उतरतो. अनंताला थोडी आम्ल माती लागते. अल्कधर्मी मातीत लोह असूनही त्याला घेता येत नाही. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही त्याचीच खूण. अशा वेळी कितीही खत घाला, उपयोग नाही. अनंत आजच काढून मातीच्या कुंडीत हलवा. मातीत भरपूर पानकुजीचं खत मिसळा. नवी पानं हिरवी येऊ लागतील. पिवळी पडलेली मात्र बहुधा पिवळीच राहतील.

कुंडी ठेवा. तिला आता जे सुरुवातीलाच करायचं होतं ते करा. बादलीत पूर्ण बुडवून ठेवा, दर दोन दिवसांनी पाणी बदला, असं किमान आठवडाभर. मग त्यात अडेनियम किंवा बोगनवेल लावा, ही झाडं चुन्याची फारशी तक्रार करत नाहीत.

नव्याने करणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. कालव इडलीच्या पिठाएवढं दाट हवं, ताकासारखं पातळ केलं तर वाळल्यावर टॉवेलचे धागे उघडे पडतात. बादलीला आधी प्लॅस्टिकची पिशवी घाला, नाहीतर बादली आणि कुंडी यांचा संसार कायमचा. तळाचं भोक नंतर पाडायच्या भानगडीत पडू नका. टॉवेल पसरल्यावर लगेच मधोमध बाटलीचं झाकण दाबून ठेवा. दुसऱ्या दिवशी बादली काढून ब्रशने आणखी एक हात द्या. त्यानंतरचे सात दिवस रोज पाणी मारून ओल्या गोणपाटाखाली ठेवायचं. गवंडी नव्या स्लॅबला पाणी मारतो ते उगाच नाही. सिमेंट वाळून नव्हे, पाणी पिऊन घट्ट होतं. आणि हातात रबरी मोजे हवेतच. मी पहिल्या खेपेला उघड्या हातांनी कालवलं होतं, पुढचे चार दिवस बोटांची सालं निघत होती आणि पोळ्या शेजारणीकडून आल्या.

प्रश्न : आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी आहे. कुंडी करायची इच्छा आहे. भोक पाडता येईल का? (सातारा)

उत्तर : येईल. काचेसाठी किंवा टाइलसाठी मिळणारं बिट, ड्रिल सर्वांत हळू, हातोडीचा खटका बंद. बरणी वाळूवर पालथी ठेवायची, भोकाच्या जागी चिकटपट्टी लावायची आणि वरून पाण्याची संततधार. तरीही पाचात एखादी तडकते. आजीची एकच असेल तर मी तरी पाडणार नाही. छोटी कुंडी आत ठेवा आणि पाणी घालायच्या वेळी बाहेर काढा.

प्रश्न : कोल्ड्रिंकच्या बाटल्या आडव्या कापून ग्रिलला टांगल्या आहेत. सोसायटीत तक्रार झाली की खाली वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडतं आणि डासही झालेत. बाटल्या काढाव्या लागतील का? (ठाणे)

उत्तर : तक्रार करणाऱ्या बाईंचं बरोबर आहे, बाटल्या मात्र काढू नका. एकाखाली एक अशा टांगा, म्हणजे वरचीचं पाणी खालची पिईल, आणि सगळ्यांत खालच्या बाटलीखाली एक थाळी.

डास त्याच थाळीत होतात. डेंग्यू पसरवणारा एडीस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. पण नुसतं पाणी ओतून टाकणं पुरत नाही. अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. थाळी काथ्याने घासायची. कुंडी म्हणून आणलेल्या टायरच्या आतल्या खाचेचंही तेच. खालच्या बाजूने भोकं पाडल्याशिवाय टायर पावसात ठेवू नका.

पारदर्शक बाटलीत उजेडामुळे शेवाळ धरतं आणि मुळांना उजेड मानवत नाही. बाहेरून रंगवा किंवा जुना मोजा चढवा, मोजा छान दिसतो. माती जेमतेम दीड लिटर मावते, त्यामुळे एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा पाणी. ऑफिस टाइम (चिनी गुलाब), पुदिना, मनी प्लांट एवढंच लावा. उन्हाने बाटली कडक होऊन तडकू लागली की बदलायची.

प्रश्न : घरीच विसर्जन केलेल्या शाडूच्या गणपतीची माती जपून ठेवली आहे. थर्माकोलच्या खोक्यात तीच भरून तुळस लावणार आहे. सासूबाईंना खोकं पसंत नाही. (पुणे)

उत्तर : मातीचं आधी. शाडू फार चिकट, बारीक आणि जवळजवळ निःसत्त्व. नुसत्या शाडूत तुळस लावलीत तर पावसात चिखल, उन्हात वीट. एक भाग शाडू, दोन भाग बागेची माती, एक भाग शेणखत आणि थोडी वाळू असं करा.

खोकं झाडाला उत्तम, मुळं तापत नाहीत आणि वजनही नाही. फक्त ऑइलपेंट किंवा थिनर लावू नका, थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. पाण्यात मिसळणारा इमल्शन रंग घ्या. विटेच्या रंगाचे दोन हात द्या, त्यावर पांढऱ्याने वृंदावनासारख्या कमानी काढा. समोरच्या बाजूला दिव्यासाठी कोनाडा रंगवा, खरा मात्र कोरू नका. थर्माकोल पेट घेतो, त्यामुळे दिवा खोक्यापासून हातभर लांब, वेगळ्या पाटावर. कमानी सासूबाईंकडूनच काढून घ्या.