आइस्क्रीम आणि पदवी

प्रश्न : दुग्धतंत्रज्ञानाच्या महाविद्यालयात मुलांना आइस्क्रीम कशासाठी करायला लावतात? – एक पालक, दापोली

उत्तर : कारण तो सारा विषय त्या एका पदार्थात सापडतो. साध्या आइस्क्रीममध्ये किमान 10 टक्के दुग्धस्निग्धांश राखायचा म्हणजे गणित आले, मिश्रण तापवून जंतू मारायचे म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र आले, आणि 4 अंशांच्या आसपास मुरवलेले 1 लिटर मिश्रण गोठवत घुसळताना 2 लिटर झाले, तर वाढलेला भाग निव्वळ हवा असतो, हेही तिथेच उमगते. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाने आइस्क्रीमचा अल्पकालीन अभ्यासक्रम 1892 मध्येच सुरू केला. खरी परीक्षा मात्र आपला हापूस घेतो: रसातील पाण्याचे स्फटिक मोठे झाले की आइस्क्रीम जिभेला खरखरीत लागते, म्हणून साखर, दूध पावडर अशा घनपदार्थांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.