तीन वर्षं उभा असलेला ट्रॅक्टर टोचन लावून चालू करावा का?

तुमचा प्रश्न असा : चोपड्याकडच्या शेतात तीन वर्षं उभा असलेला तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर, बॅटरी नवी टाकली तरी सेल्फ (स्टार्टर मोटर) नुसता ‘टक’ करून थांबतो, आणि गावातले म्हणतात टोचन लावून ओढा.

ओढू नका. इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरेपर्यंत तरी अजिबात नाही. उभ्या सायलेन्सरवर टोपी नव्हती असंही तुम्ही लिहिलंय, आणि माझ्या मते गोम तिथेच आहे. पावसाचं पाणी सायलेन्सरमधून उतरतं आणि बंद पडताना ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यात शिरतं. काही पिस्टनवर साचतं, काही रिंगांमधून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात जातं, आणि मागे गंज राहतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फची ताकद कमी म्हणून तो तिथेच थांबतो. टोचनात मात्र मागच्या चाकांचा सगळा जोर क्रँकवर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग अख्खं इंजिन खोलावं लागतं.

आधी करंटची खात्री करा. मल्टिमीटर बॅटरीच्या खुंट्यांवर लावून कोणाला तरी चावी मारायला सांगा. चार्ज बॅटरी आरामात 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. ‘टक’ होतानाही आकडा 12 च्या वर राहिला तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये : खुंट्या, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) किंवा बॉडीला जाणारी निगेटिव्हची वायर बघा. आकडा धाडकन 9-10 च्या खाली आला तर करंट जातोय, पण सेल्फ किंवा इंजिन अडकलंय, नाहीतर बॅटरीच कमजोर आहे. उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का, हेही याच वेळी पाहा. पऱ्हाटीच्या ढिगाशेजारी ट्रॅक्टर उभा असेल तर एअर क्लीनरमध्ये घरटं सापडायची शक्यता बरीच असते. ऑइल-बाथ क्लीनर (हवा ऑइलमधून गाळणारा) असेल तर वाटी धुऊन खुणेपर्यंत नवं ऑइल भरा.

आता इंजिन. गिअर न्यूट्रल, स्टॉप (डिझेल बंद करणारा खटका) ओढलेला. चेंबरचा बोल्ट एकदम काढू नका, हळूहळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी असतं, त्यामुळे असेल तर आधी तेच येईल. आलं नाही तरी जुनं ऑइल आणि फिल्टर बदलाच. 15W-40 चालतं, किती, ते काठीवरच्या खुणेवरून ठरवा.

मग तिन्ही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा. क्रँक पुलीच्या बोल्टवर गोटी पाना लावून इंजिन फिरतं त्याच दिशेने हळू फिरवा, तोंड नोझलच्या भोकांपासून दूर ठेवून. पाणी असेल तर भोकातून उडेल आणि इंजिन मोकळं होईल. नोझल काढूनही जागचं हलत नसेल तर रिंगा गंजून लायनरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चिकटल्यात. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून 50 मिली ओता, दोन दिवस राहू द्या, मग पाना थोडा पुढे-थोडा मागे असा हलवत राहा. उलट दिशेला जोर देऊ नका, पुलीचा बोल्टच सुटेल. आठवडाभरात हललं नाही तर हेड उतरवण्याशिवाय इलाज नाही, आणि ते काम फिटरचं.

मोकळं झाल्यावर लगेच नोझल बसवायची घाई करू नका. नोझल बाहेर असतानाच सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, मध्ये दोन मिनिटं थांबा. ओतलेलं ऑइल बाहेर फेकलं जातं, नाहीतर तेच पाण्यासारखं अडेल. शिवाय कॉम्प्रेशन नसल्याने बॅटरीवर ताण न येता ऑइलचा दाब वर येतो. काटा हलला की मगच नोझल बसवा, खाली नवे तांब्याचे वॉशर टाकून. जमलं तर नोझल आधी पंप-नोझलवाल्याकडे तपासून घ्या.

टाकीतलं जुनं डिझेल वापरू नका. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री थंड होते, आत दव धरतं. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर काळी शेवाळासारखी घाण वाढते आणि फिल्टर तुंबवते. पहिलं लिटरभर पारदर्शक बाटलीत काढून तासभर ठेवा, म्हणजे दिसेल. टाकी धुवा, दोन्ही फिल्टर आणि फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) जाळी बदला, दहा लिटर ताजं डिझेल भरा.

हवा काढण्याचा क्रम डिझेल येतं तसाच : आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझल. हँड प्रायमरने पंप करत स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल येऊ द्या आणि वाहतानाच स्क्रू आवळा. प्रायमर कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल तर टाकी ते फीड पंप या भागात हवा ओढली जातेय. तिथे डिझेल गळेलच असं नाही, म्हणून वॉशर, वाटीचं रबर आणि पाइप नवे टाकूनच बघावे लागतात.

ही गोष्ट विसरू नका : नोझलना डिझेल देणारा पंप इनलाइन (प्रत्येक सिलिंडरसाठी एका ओळीत वेगळा प्लंजर असलेला) असेल तर बाजूचं झाकण उघडून रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, बोटाने पुढे-मागे सरकतोय का पाहा. बंद बाजूला अडकला तर ट्रॅक्टर चालू होणार नाही. फुल बाजूला अडकला तर चालू होईल आणि थांबणार नाही, रेस वाढतच जाईल. म्हणून पहिल्या वेळी एअर क्लीनरचा पाइप काढून, तोंड बंद होईल अशी जाड फळी हातात घेऊन एक माणूस उभा ठेवा. तळहात लावायचा नाही.

इथर स्प्रे नको. खानदेशात चैत्र-वैशाखात हीटरचीही गरज पडत नाही, आणि इथर वेळेआधी पेटून रिंगा तोडतं. सेल्फ फिरताना सायलेन्सरमधून धूरच नसेल तर डिझेल पोचत नाहीये, पुन्हा हवा काढा. पांढरा धूर येतो पण पेट घेत नसेल तर सेल्फ मंद आहे किंवा कॉम्प्रेशन कमी आहे.

चावी मारण्याआधी क्लच एकदा तपासा, कारण प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. स्टॉप ओढून ठेवा, गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा आणि दोघांनी ट्रॅक्टर ढकलून पाहा. हलला नाही तर क्लच सुटत नाहीये. अशा वेळी ट्रॅक्टर न्यूट्रलमध्येच, मोकळ्या जागेत चालू करा, इंजिन गरम करून बंद करा आणि पेडल लाकडाने दाबून रात्रभर ठेवा.

चालू झाल्यावर पाच मिनिटं हळू रेसवर ठेवा. ऑइलचा दाब दहा सेकंदांत आला नाही तर लगेच बंद करा.